मोरीखालची पेटी

मगरिबच्या अजानला अजून पाऊण तास असतो. बुधवार पेठेतल्या एखाद्या बोळातल्या तळमजल्यावरच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात त्या वेळी सगळ्यांत जास्त घाई असते. एका कढईत समोसे, दुसरीत भजी, बाजूच्या पातेल्यात खिमा. आचारी स्वतः रोजेदार असेल तर मिठाचा अंदाज तो जिभेवर घेत नाही, हातावर आणि वासावर घेतो. बाहेर फळीवर खजूर आणि कलिंगडाच्या फोडी मांडलेल्या असतात. पार्सल बांधणाऱ्याला मान वर करायला सवड नसते.

मागच्या बाजूला, मोरीपाशी, एक पोरगा भांडी घासत उभा असतो. तेलकट झारे, रश्श्याची पातेली, मैद्याने माखलेल्या पराती, सगळं त्याच्यापुढे येऊन पडतं. नळ सुरू असतो. पाणी मोरीत जातं आणि नजरेआड होतं. स्वयंपाकघराचा त्या पाण्याशी संबंध तिथेच संपतो, असं बहुतेकांना वाटतं. तो किती टिकून आहे हे अजान तोंडावर आली असताना मोरीतून पाणी उलटं वर येऊ लागलं की कळतं.

‘शेठ, मोरी परत तुंबली,’ ही हाक रमजानच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ज्याने ऐकली नाही असा हॉटेलवाला सापडणं अवघड. मग बांबूच्या कामट्या येतात, लोखंडी सळई येते, ॲसिडची बाटली येते, आणि शेवटी कोणीतरी ‘चेंबरमध्ये उतरून बघायला माणूस बोलवा’ असं म्हणतं. या शेवटच्या वाक्यात एखाद्याचा जीव जाऊ शकतो. ते म्हणायची वेळच येऊ नये म्हणून मोरीखाली एक पेटी बसवायची असते. तिला व्यवसायात ग्रीस ट्रॅप म्हणतात. इफ्तारच्या दस्तरखानावर तिची चर्चा होत नाही, पण त्या दस्तरखानाची आणि त्यामागच्या गल्लीचीही अब्रू बऱ्याच अंशी तिच्या हातात असते.

तेल वर, गाळ खाली

या पेटीचं शास्त्र घरातल्या कोणालाही ठाऊक आहे. मटणाचा रस्सा रात्रभर ठेवला की सकाळी वर पांढरी साय धरते. मसाल्याचा गाळ तळाशी बसतो आणि मधे पाणी राहतं. ग्रीस ट्रॅपमध्ये हेच घडवून आणायचं असतं. तेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, तर एक लिटर खाद्यतेलाचं साधारण ९२० ग्रॅम. पाण्याला थोडं थांबवलं, थोडं थंड होऊ दिलं, की तेल आपसूक वर येतं आणि भाताची शितं, मैद्याचा लगदा, हाडांचा चुरा खाली बसतो.

म्हणून पेटीच्या आत उभ्या पडद्या असतात. मोरीचं पाणी एका बाजूने येतं, पडदीला अडतं, त्याचा जोर मोडतो. बाहेर जाणाऱ्या नळीचं तोंड मुद्दाम खाली, मधल्या स्वच्छ थराच्या पातळीला ठेवलेलं असतं. वरचा तवंग आणि तळाचा गाळ आत राहतो, मधलं पाणी तेवढं गटारात जातं. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. लागतो तो वेळ, आणि नेमकी त्याचीच छोट्या स्वयंपाकघरात टंचाई असते.

साधा हिशेब मांडून पाहावा. भांडी घासायची एक मध्यम टाकी, साठ सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस रुंद आणि तीस खोल. तिच्यात ८१ लिटर पाणी मावतं. ती पाऊण भरली तर सुमारे साठ लिटर. बूच काढलं की हे पाणी मिनिटभरात निघून जातं. मोरीखालच्या पेटीत शंभर लिटर पाणी राहत असेल, तर त्या पाण्याला तिथे दोन मिनिटंसुद्धा थांबायला मिळत नाही. जमिनीखाली बांधलेल्या मोठ्या चेंबरमध्ये पाण्याने अर्धा तास तरी थांबावं असा अभियंत्यांचा अंदाज असतो. त्याच वेगाने पाणी येत राहिलं तर त्यासाठी १८०० लिटरची टाकी हवी. पेठेतल्या वाड्याच्या तळमजल्यावर एवढी जागा आणायची कुठून? म्हणून इथे छोटी पेटी आणि तिची वारंवार सफाई, हाच मार्ग उरतो. लहान पेटी बसवणाऱ्याने रोजचं काम पदरात घेतलेलं असतं, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

सफाई कधी करायची, यासाठी जगभरात एक सोपा नियम वापरतात. वरचा तवंग आणि खालचा गाळ मिळून पाण्याच्या एकूण खोलीच्या चौथ्या हिश्शापर्यंत पोचले की पेटी उपसायची. चाळीस सेंटिमीटर खोलीच्या पेटीत दोन्ही थर मिळून दहा सेंटिमीटर झाले, की वेळ झाली. त्यापुढे पेटी असून नसल्यासारखी होते. पाण्याला थांबायला जागाच उरत नाही आणि नवं तेल जुन्या तेलाला ढकलत सरळ गटारात घेऊन जातं. मोजायला एक लाकडी पट्टी पुरते.

रमजानचं तळण

वर्षभर नीट चालणारी पेटी रमजानमध्ये का कमी पडते? एक कारण उघड आहे. एरवी दिवसभरात विभागलं जाणारं तळण दुपारी चार ते सहा या दोन तासांत उरकतं. सगळी भांडीही एकदमच मोरीवर येतात. पेटीच्या मापाला महत्त्व असतं ते एका मिनिटात किती पाणी येतं याचं. दिवसभरात किती आलं हा हिशेब तिथे उपयोगी पडत नाही.

दुसरं कारण पदार्थांत आहे. शेंगदाणा किंवा सूर्यफुलाचं तेल थंडीतही बरंचसं पातळ राहतं. वनस्पती तूप, मटणाची चरबी, नल्ली आणि पाया यांतून सुटणारं मेद मात्र कोमट पाण्यातच गोठायला लागतं. निहारीचं पातेलं गरम पाण्याने धुतलं की ते चकचकीत दिसतं, पण त्यातली चरबी पाच-दहा फुटांवर, थंड नळीच्या वळणात जाऊन बसलेली असते. सहरीच्या स्वयंपाकामुळे मोरी पहाटेही चालू राहते, म्हणजे सगळ्यांत थंड वेळी.

तिसरं कारण पंचांगाचं. हिजरी वर्ष चांद्र असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. काही वर्षांपूर्वी तो मे-जूनच्या उन्हात होता, आता हिवाळ्याकडे निघाला आहे. रोजा लहान होतो, तहान कमी लागते, हे रोजेदारांना सुखाचं. पण जमिनीखालच्या नळ्यांत पहाटेचा गारवा असतो आणि त्या गारव्यात चरबी लवकर धरते. येणाऱ्या वर्षांत तुंबलेल्या मोऱ्यांची तक्रार वाढली, तर त्यात या सरकत्या महिन्याचाही वाटा असेल.

अर्थात तेलाला धर्म नसतो. बुधवार पेठेच्या एका टोकाला दगडूशेठ हलवाई गणपतीच्या दर्शनाची रांग, मधे तापकीर गल्लीतली विजेच्या सामानाची दुकानं, पलीकडे अप्पा बळवंत चौकातली पुस्तकं, आणि तुळशीबागेच्या खरेदीनंतर मिसळीसाठी होणारी गर्दी. गणेशोत्सवात बटाटेवड्याच्या कढया रात्रभर उतरत नाहीत. एकादशीला साबुदाणावडे, दिवाळीआधी चकल्या आणि शेव. आषाढीला दुप्पट तळणारा आणि रमजानमध्ये दुप्पट तळणारा, दोघांचं सांडपाणी थोड्या अंतरावर एकाच नळीला मिळतं. तिथून पुढे कोणाचं तेल कोणतं, हे सांगणं शक्य नसतं.

हौद, उच्छ्वास आणि जुना धडा

बुधवार पेठ ही पुण्याच्या जुन्या पेठांपैकी एक. मोगल काळात तिचं नाव मुहियाबाद होतं, पेशवाईत ती बुधवार झाली. या पेठांना पाणी पाजणारी कात्रजची योजना अठराव्या शतकाच्या मध्यात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात उभी राहिली. कात्रजच्या तलावातून दगडी नळाने आणलेलं पाणी शनिवारवाड्यापर्यंत येई आणि वाटेतल्या पेठांमधले हौद भरी.

त्या योजनेची एक गोष्ट आजच्या हॉटेलवाल्याने पाहण्यासारखी आहे. वरच्या तलावात पाणी आधी निवे, गाळ तिथे बसे आणि मग ते खालच्या तलावात येई. पुढे नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. हवा खेळावी आणि गाळ काढायला आत पोचता यावं म्हणून ही सोय होती. बांधकाम करतानाच देखभालीची दारं ठेवायची, ही समज अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या पुण्याला होती. आजच्या अनेक स्वयंपाकघरांत ग्रीस ट्रॅप असतो, पण त्याच्यावर तेलाचे डबे रचलेले असतात किंवा झाकणावरून फरशी घातलेली असते. उघडताच येत नाही ती पेटी साफ कोण करणार?

पेठेतला दुसरा धडा फरासखान्याजवळच्या बाहुलीच्या हौदाचा. एकोणिसाव्या शतकात डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या अकाली गेलेल्या लहान मुलीच्या स्मरणार्थ तो बांधला आणि त्याचं पाणी सर्व जातींच्या माणसांना खुलं केलं. ज्या काळात स्वच्छ पाण्यावर कोणाचा हक्क, हे जात ठरवत होती, त्या काळात हे मोठं धाडस होतं. आता नळाचं पाणी जात विचारत नाही. पण घाण पाण्यात कोण उतरणार, हे आजही बऱ्याच अंशी जातच ठरवते. त्या हौदाचं अर्धं काम अजून बाकी आहे.

ॲसिडची बाटली आणि उतरणारा माणूस

पेटी वेळेवर उपसली नाही की तिच्यातला गाळ हवेविना कुजतो. त्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो त्याचाच. तो हवेपेक्षा जड असल्याने चेंबरच्या तळाशी साचून राहतो. त्याचा कपटीपणा असा की प्रमाण वाढलं की तो नाकच बधिर करतो. वास येईनासा झाला म्हणजे हवा शुद्ध झाली, असं आत उतरलेल्या माणसाला वाटतं आणि पुढच्या काही श्वासांत तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा.

जून २०१९ मध्ये गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात, डभोईजवळच्या एका हॉटेलात हेच घडलं. सांडपाण्याची टाकी साफ करायला उतरलेले चार सफाई कामगार आणि त्यांना वाचवायला धावलेले हॉटेलचे तीन कर्मचारी, असे सात जण गुदमरून गेले. या सातांपैकी तिघांचं काम सफाईचं नव्हतंच. ते हॉटेलात नोकरीला होते. सोबत्याला वाचवायला म्हणून गेले आणि परत आले नाहीत.

याविरुद्ध कायदा आहे. २०१३ च्या हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या कायद्यानुसार, सुरक्षेची साधनं न देता कोणालाही गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणं गुन्हा आहे. ही बंदी ठेकेदारापुरती किंवा महापालिकेपुरती नाही. कोणत्याही व्यक्तीने थेट किंवा दुसऱ्यामार्फत असं काम करवून घेतलं तर पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही, अशी शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली होती. ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती तीस लाखांवर नेली. ‘पाचशे रुपये देतो, जरा उतरून बघ’ असं म्हणणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं, आणि उतरणाऱ्यालाही. हॉटेलचा चेंबर आणि रस्त्यावरचं गटार यांतला फरक वायूला कळत नाही.

ॲसिडचीही गत तशीच. कुजलेल्या गाळावर ॲसिड ओतलं की अडकलेला वायू एकदम सुटतो. आधी कोणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल आणि वरून ॲसिड पडलं तर क्लोरिन तयार होतो, तोही जीवघेणा. दोन्ही वेळी मोरीवर वाकलेला असतो तो भांडी घासणारा पोरगा. कॉस्टिक सोडा किंवा उकळतं पाणी ओतलं तर तेल वितळतं खरं, पण ते पेटीतून निसटून पुढच्या थंड नळीत जाऊन पुन्हा गोठतं. आपल्या मोरीतलं संकट शेजाऱ्याच्या दारात ढकलण्यापलीकडे त्याने काही साधत नाही.

शेजाऱ्याचा प्रश्न बुधवार पेठेत खोटा नाही. इथे भिंतीला भिंत आहे. चेंबर तुंबलं की ओशट पाणी आधी सखल बोळात येतं, तळमजल्यावर राहणाऱ्यांच्या उंबऱ्याशी. त्यांत बहुतेक वेळा भाडेकरू असतात, हातावर पोट असलेली माणसं असतात, आणि ज्यांची तक्रार कोणी लिहून घेत नाही अशा बायकाही असतात. ज्याच्या कृत्यांपासून शेजारी निर्धास्त नाही त्याचा ईमान पुरा नाही, अशी शिकवण मशिदीत दर रमजानला सांगितली जाते. रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणं हेही पुण्यकर्म मानलं आहे, आणि पाकी हा तर ईमानाचा अर्धा हिस्सा. आपल्याकडे गाडगेबाबा संध्याकाळी कीर्तनाला उभे राहण्याआधी हातात खराटा घेऊन गाव झाडून काढत. दोन्हीकडचा क्रम एकच आहे, आधी सफाई आणि मग इबादत.

गटारातला साबण

तेल वाहून गेलं तर पुढे काय होतं? सांडपाण्याच्या सिमेंटच्या नळ्यांमधून कॅल्शियम सुटतं. तेल कुजून तयार झालेली मेदाम्लं त्याच्याशी जुळतात आणि एक कडक, खडूसारखा साबण तयार होतो. तो नळीच्या आतून थरावर थर धरत जातो. त्यात चिंध्या, प्लास्टिक, ओल्या टिश्यूचे गठ्ठे अडकले की दगड बनतो. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात अशी एक राक्षसी गाठ सापडली. लांबी अडीचशे मीटर, वजन सुमारे १३० टन. ती फोडायला कामगारांना कित्येक आठवडे लागले. तिचा एक तुकडा पुढे लंडनच्या संग्रहालयात काचेआड ठेवला गेला आणि लोक तो बघायला गेले. व्हाइटचॅपल हा दाट वस्तीचा, खाणावळींनी गजबजलेला, स्थलांतरितांचा भाग. बुधवार पेठेला तो परका वाटू नये.

आपल्याकडचा नियम आकड्यांत स्पष्ट आहे. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार सार्वजनिक गटारात सोडायच्या सांडपाण्यात तेल आणि ग्रीस लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. हे किती कडक आहे? कढईतलं एक लिटर तेल मोरीत ओतलं, तर ते २० मिलिग्रॅमच्या मर्यादेत बसवायला ४६ हजार लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचे साडेचार टँकर, एका लिटर तेलासाठी.

मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानी कर्जातून आखलेल्या प्रकल्पाचा खर्च मंजुरीच्या वेळी ९९० कोटी रुपयांचा होता. त्यात ११ नवी सांडपाणी केंद्रं आणि दिवसाला ३९ कोटी ६० लाख लिटरची क्षमता धरलेली आहे. शुद्धीकरण केंद्रातले जिवाणू सांडपाण्यातली घाण खातात, पण तेलाचा थर आला की त्यांना हवा मिळेनाशी होते. जे काम मोरीखालच्या पेटीत झाऱ्याने होतं, तेच नदीकाठी करायला कोट्यवधी रुपयांची यंत्रं लागतात.

कढईतलं तेल वेगळं, पेटीतलं वेगळं

इथे एक गफलत नेहमी होते. कढईत उरलेलं तळणाचं तेल आणि पेटीतून काढलेलं ग्रीस, या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. तळणाचं तेल गाळून, थंड करून, डब्यात साठवलं तर त्याला गिऱ्हाईक आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून नियम केला आहे, की तेलातले ध्रुवीय घटक पंचवीस टक्क्यांवर गेले की ते स्वयंपाकाला बाद. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची योजना सुरू झाली. दिवसाला पन्नास लिटरपेक्षा जास्त तेल तळणासाठी वापरणाऱ्यांनी १ मार्च २०१९ पासून त्याची नोंद ठेवणं बंधनकारक आहे.

पेटीतल्या ग्रीसमध्ये मात्र खरकटं, साबण, जंतू सगळंच मिसळलेलं असतं. ते तळणाच्या तेलात कधीही मिसळू नये आणि ‘तेलवाल्या’च्या डब्यात घालू नये. चीनमध्ये गटारातलं तेल उपसून, गाळून पुन्हा खाण्यासाठी विकणाऱ्या टोळ्या होत्या. २०११ मध्ये तिथे त्यांच्यावर मोठी कारवाई झाली. जिथे बाद तेलाचा हिशेब ठेवला जात नाही, तिथे ते कोणा गरिबाच्या ताटात परत येण्याची भीती असते. रस्त्यावर स्वस्त भजी खाणाऱ्यालाच त्याची किंमत मोजावी लागते.

चांदरातीपासून चांदरातीपर्यंत

तर रमजानसाठी छोट्या स्वयंपाकघराने करायचं काय? काम फार नाही, पण ते नेमून द्यावं लागतं.

रमजानचा चाँद दिसण्याआधीच्या आठवड्यात पेटी एकदा पूर्ण उपसावी. झाकणाची रबरी पट्टी, आतल्या पडद्या, मोरीवरची जाळी तपासावी. पडदी गंजून गळली असेल तर पेटी म्हणजे नुसता डबा उरतो. जमिनीखाली मोठा चेंबर असेल तर तो सक्शनच्या गाडीकडूनच उपसून घ्यावा, आणि गाडी आज मिळत नसेल तर उद्यापर्यंत थांबावं. माणूस उतरवायचा नाही, हे दुकानात सगळ्यांना आधीच सांगून ठेवावं. वेळ आल्यावर घाईत कोणाला आठवत नाही.

रोजचं मुख्य काम पेटीच्या आधी होतं. भांडं पाण्याखाली धरण्यापूर्वी उलथण्याने खरवडायचं आणि जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्यायचं. हे वर्तमानपत्रही त्या कामी यायला हरकत नाही. निहारीचं पातेलं थंड होऊ द्यावं, गोठलेली चरबी चमच्याने काढून ओल्या कचऱ्यात घालावी. मोरीवर बारीक जाळी ठेवून ती दर तासाला झटकावी. एवढं केलं तरी पेटीत जाणारा माल बराच कमी होतो.

रमजानमध्ये छोटी पेटी तरावीहच्या सुमारास, गर्दी ओसरल्यावर, एक दिवसाआड तरी उघडावी. आधी नळ बंद करावा आणि पेटी अर्धा तास निवू द्यावी, म्हणजे तवंग घट्ट होतो. दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, पंखा लावावा, हातात मोजे घालावेत. झाऱ्याने वरचा थर काढून झाकणाच्या बादलीत घ्यावा, त्यात लाकडाचा भुसा मिसळला की तो सांडत नाही. पडद्या खरवडाव्यात, तळाचा गाळ काढावा, मग थंड स्वच्छ पाणी भरून झाकण घट्ट बसवावं. रिकामी पेटी तशीच सोडली तर पहिलं तेल सरळ गटारात जातं, म्हणून पाणी भरणं विसरू नये. काढलेला माल दारासमोरच्या चेंबरमध्ये लोटला तर सगळी मेहनत वाया. तो कुठे द्यायचा हे कचरा उचलणाऱ्या यंत्रणेशी आणि क्षेत्रीय कार्यालयाशी बोलून आधीच ठरवावं.

भिंतीवर एक वही टांगावी. तारीख, किती सेंटिमीटर थर निघाला, कोणी काढला, एवढंच लिहायचं. पंधरा दिवसांत त्या वहीवरून आपल्या स्वयंपाकघराचा स्वभाव कळतो. शुक्रवारी जास्त, सोमवारी कमी, सत्ताविसाव्या रात्रीच्या आधी सर्वांत जास्त. ईदच्या आदल्या रात्री दुसरी मोठी सफाई करावी. सकाळी शीरखुर्म्याचं तूप आणि दुपारी बिर्याणीची पातेली त्याच मोरीवर यायची असतात.

आणि हे काम ज्याच्याकडे दिलं आहे, त्याच्याकडे नीट पाहावं. बहुतेक ठिकाणी ते दुकानातल्या सगळ्यांत नव्या, सगळ्यांत गरीब पोराकडे येतं. गावाहून आलेला, कुठेतरी माळ्यावर झोपणारा, दिवसभर रोजा ठेवून संध्याकाळी दोनशे भांडी घासणारा. रबरी मोजे, गमबूट आणि एक साबणाची वडी, याचा खर्च एका कढईतल्या तेलाहून जास्त नाही. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, हे सगळ्यांना पाठ असतं. पेटी उपसणं हे जादा काम आहे, तेव्हा त्याचे जादा पैसे त्याच रात्री द्यावेत. काम पाळीपाळीने सगळ्यांनी केलं तर आणखी चांगलं. ज्या दुकानात मालक आठवड्यातून एकदा स्वतः झाकण उघडतो, तिथे आचारी मोरीत तेल ओतताना दोनदा विचार करतो.

अजान होते. बुधवार पेठेतल्या त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात आच मंद केली जाते. आचारी हात धुऊन खजूर तोंडात घालतो, एक तुकडा गल्ल्यावरच्या दोस्ताला देतो, जो रोजेदार नसला तरी महिनाभर या क्षणाची वाट पाहतो. भांडी घासणारा पोरगाही मोरीवरचा नळ बंद करून पाण्याचा ग्लास उचलतो. मोरीत साचलेलं पाणी सावकाश उतरत जातं, कुठे अडत नाही, उलटं वर येत नाही. बाहेरचा बोळ कोरडा असतो. शेजारच्या उंबऱ्यावर कोणीतरी नुकतीच काढलेली रांगोळी तशीच राहते.